दुसरी वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर नवी वही ठेवायची, पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढायचे, 'श्री' लिहायचे आणि हळदकुंकू, झेंडूची फुले वाहून तिच्यापुढे हात जोडायचे, ही चाल केवळ व्यापाऱ्याच्या पेढीवरच असते असे नाही. चार बैलांची शेती असलेल्या आमच्यासारख्या घरातही ती होती. आमच्या पाटावर मात्र एक नव्हे, दोन वह्या असत. लाल कापडी बांधणीच्या, सारख्याच लांबीरुंदीच्या, जणू जुळ्या बहिणी. एखादा पाहुणा विचारी, "एका घराला दोन हिशेब कशाला?" वडील म्हणत, "हिशेब एकच हाय. वह्या दोन हायेत."

या उत्तरात केवढा प्रश्न दडलेला आहे, हे कळायला मला एक मोठी चूक करावी लागली.

आमचे गाव वरवट बकाल. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, संग्रामपूर तालुक्यात. वर सातपुड्याची निळी रेघ, खाली पूर्णा नदी आणि मधला सपाट काळा मुलूख म्हणजे खारपाण पट्टा. माती उदार, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. कापूस गावात पिकवायचा आणि शेगावच्या बाजारात विकायचा. पूर्णेला पूर आला की शेगाव तुटे. मग चार-चार दिवस इकडची खबर तिकडे नाही. मी त्या काळी खामगावला शिकत होतो आणि शेगावच्या बाजाराचे काम माझ्याकडे होते. कापसाचे पैसे घ्यायचे, सरकीची ढेप आणि बी-खत आणायचे, गाडीबरोबर आलेल्या माणसांना खर्चाला द्यायचे. गावातले देणेघेणे वडील आणि दादा पाहत. म्हणून एक वही घरच्या कोनाड्यात राही आणि दुसरी माझ्या पिशवीतून हिंडे. दिवाळीला घरच्या वहीतल्या सगळ्या बाक्या माझ्या वहीत जशाच्या तशा उतरवून घ्यायच्या, वर्षभर ज्याने त्याने आपल्या वहीत लिहायचे आणि पुढच्या पाडव्याला दोन्ही वह्या समोरासमोर वाचून एक करायच्या, असा शिरस्ता होता.

१९६८ च्या दिवाळीला मी उतरवून घेतलेल्या बाक्यांत एक ओळ होती: सालदाराची उचल, ४० रुपये. त्या काळी आमच्या सालदाराला ही रक्कम थोडी नव्हती. पुढे पौषात तो कापसाची गाडी घेऊन शेगावला आला. त्याच्या सालाच्या पैशांतली काही रक्कम मला तिथे द्यायची होती. मी वही उघडली, बाकी पाहिली आणि ४० रुपये कापून उरलेले त्याच्या हातावर ठेवले. त्याने पैसे मोजले आणि हळूच म्हणाला, "छोटे मालक, थे चाळीस तं फिटले जी. घरवालीच्या येचनीत कटले."

मी वही त्याच्यापुढे धरली. "हे पाहा, बाकी आहे. वहीत आहे."

त्याला अक्षरओळख नव्हती. मी बोट ठेवले त्या ओळीकडे त्याने क्षणभर पाहिले, पैसे धोतराच्या कनवटीला लावले आणि तो बैलांकडे निघून गेला. माझ्या मनात कसलीही शंका आली नाही. वहीत होते ना!

पुढच्या पाडव्याला आम्ही ओसरीवर बसलो. दादा घरची वही वाचू लागला, मी माझी. दादाने वाचले, "मार्गशीर्ष. सालदाराची उचल चाळीस. बायकोच्या वेचणीत फिटली." आणि मी वाचले, "जानेवारी. सालदाराची उचल चाळीस. पगारातून वजा." दोघेही थांबलो. एकच कर्ज दोनदा फिटले होते. आम्ही दोघांनीही प्रामाणिकपणे, स्वच्छ अक्षरात, एका गरीब माणसाचे ४० रुपये बुडवले होते.

आता त्यानंतरचा अर्धा तास आम्ही भावांनी कशात घालवला असेल? आधी कुणाचे, या वादात! घरची वही तिथीने लिहिलेली, माझी इंग्रजी तारखेने. दादा म्हणे, आमची नोंद आधीची, तेव्हा चूक तुझी. मी म्हणे, तुम्ही मला कळवले नाही, तेव्हा चूक तुमची. दादाने पंचांग काढले. वडील बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पहिले कोनाचं, हे तुमाले पाह्यजे. त्याले तं चाळीस पाह्यजे." दादा म्हणाला, "मग एक नोंद काटून टाकतो. घरची वही खरी." वडिलांनी त्याच्या हातातली लेखणी काढून घेतली. "काट मारल्यानं पैसे त्याच्या घरी जातीन का? दोन्ही राहू दे. त्याले बलाव."

सालदार आला, ओसरीच्या पायरीशी बसला. वडिलांनी त्याचे पैसे त्याला दिले आणि विचारले, "दहा महिने झाले. बोलला काहून नाही?"

तो म्हणाला, "म्या सांगतलं होतं छोट्या मालकाले. पन वहीत होतं नं जी."

याला आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. हे वाक्य अजून माझ्या कानातून गेलेले नाही. दोन वह्यांत फरक पडणे हा हिशेबाचा प्रश्न होता. पण त्या फरकाची किंमत ज्याच्याकडे एकही वही नव्हती त्याने मोजली, हा प्रश्न हिशेबाचा नव्हता.

परवा माझ्या नातवाने, जो संगणकाच्या क्षेत्रात आहे, त्याच्या कामाची अडचण मला समजावून सांगितली, तेव्हा मी हसलो. म्हणालो, "अरे, ही तर आमची दुसरी वही!" तो म्हणाला ते असे. हल्ली कोणतीही महत्त्वाची माहिती एकाच ठिकाणी ठेवत नाहीत. एक यंत्र बिघडले तर सर्वस्व जाईल, म्हणून तिच्या प्रती दूरदूरच्या गावी, परदेशी, आणि प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवरही असतात. माणूस प्रवासात असतो, बोगद्यात शिरतो, रानात जातो, संपर्क तुटतो. तरी तो आपल्या प्रतीत लिहीतच राहतो. तिकडे दुसरा कोणी दुसऱ्या प्रतीत लिहितो. संपर्क पुन्हा जुळला की दोन प्रती समोरासमोर येतात, आणि त्या वेगळे बोलत असतील तर काय करायचे?

पाडव्याच्या त्याच बैठकीत दादाने एक उपाय सुचवला होता: यापुढे दोघे एकत्र बसल्याशिवाय कोणी काही लिहायचेच नाही. वडील म्हणाले होते, "मग बजार कवा कराचा?" पूर्णेला पूर असताना एक तर व्यवहार थांबवावा लागेल, नाहीतर काही काळ दोन वह्या वेगळ्या बोलतील हे सोसावे लागेल. तिसरी वाट नाही. एरिक ब्रूअर या अमेरिकन प्राध्यापकाने २००० साली हेच संगणकांविषयी सांगितले, आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केले. संपर्क तुटलेला असताना सगळ्या प्रती एकमताच्या ठेवणे आणि प्रत्येक प्रतीचा कारभार चालू ठेवणे, दोन्ही एकदम साधत नाही. एक निवडावेच लागते. आणि जिथे निवड आली तिथे नीती आली.

आमच्या तिथी-तारखेच्या वादाचाही निकाल लागलेला आहे. लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवले की, दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळतील या भरवशावर राहू नये. आधी आणि नंतर हे ठरते ते एकाची खबर दुसऱ्यापर्यंत पोचू शकली होती की नाही, यावरून. मी जर घरची नोंद वाचून माझी लिहिली असती, तर माझी नंतरची. दोघांनाही एकमेकांची वार्ता नसेल, तर त्यांच्यात आधीनंतर असे काही नाहीच. पंचांगात काहीही असो. मला या विचारात मोठा दिलासा वाटतो. न कळता वेगळे लिहिणारा खोटे बोलत नाही. पण मला तर त्या दिवशी शेगावात खबर मिळाली होती! सालदार स्वतः ती घेऊन माझ्यापुढे उभा होता. मी ती खबर मानली नाही, कारण ती वहीत लिहिलेली नव्हती, माणसाच्या तोंडून आली होती. माझा दोष तिथे आहे.

महादेव सत्यनारायणन हे मद्रासच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत गेलेले संशोधक. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोडा' नावाची एक व्यवस्था उभी केली. तिची रीत आपल्या कोणत्याही गृहिणीला कळेल. संपर्क आहे तोवर लागतील त्या फाइलींची बेगमी करून ठेवायची, जशी पावसाळ्यापूर्वी घरात धान्याची करतो. संपर्क तुटला की बेगमीवर कारभार चालवायचा. पुन्हा जुळला की केलेले सारे बदल मूळ ठिकाणी नेऊन मिळवणी करायची. आणि एकाच फाइलीत दोघांनी वेगवेगळे लिहिलेले आढळले, यंत्राला ते सोडवता आले नाही, तर निमूटपणे एक पुसायचे नाही; माणसापुढे ठेवायचे.

या पद्धतीला त्या शास्त्रात 'आशावादी' म्हणतात. उलट, दोघांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून कुलूप लावणारी पद्धत 'निराशावादी'. शास्त्राच्या परिभाषेत असे स्वभावाचे शब्द आलेले पाहून मला गंमत वाटली. आणि आशावादाला आधारही होता. त्यांनी आपल्याकडच्या फाइलींचा वापर तपासला, तेव्हा शंभरांतल्या नव्याण्णवांहून अधिक बदल आधी लिहिणाऱ्यानेच केलेले निघाले. म्हणजे माणसे सहसा एकमेकांच्या ओळीवर लिहीत नाहीत. विश्वास ठेवून चालावे, हेच व्यवहाराला धरून आहे. मात्र उरलेल्या एकाचे काय? आमच्या वहीत वर्षाला पाच-सहाशे ओळी असत. चुकली ती एकच. पण ती ओळ म्हणजे कोणाचा तरी संसार होता.

या उरलेल्या एकासाठी सोपा आणि म्हणून फार वापरात असलेला नियम म्हणजे 'शेवटचा लिहील तो खरा'. नंतरच्याने आधीच्यावर लिहायचे, आधीचे नाहीसे. कटकट नाही. पण जे नाहीसे होते ते खोटे होते म्हणून होत नाही, ते फक्त उशिरा बोलता आले नाही म्हणून होते. ॲमेझॉन कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या 'डायनॅमो' व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. त्यात गिऱ्हाइकाच्या खरेदीच्या टोपलीपुरता दुसरा नियम होता. टोपलीच्या दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर दोन्हींतल्या वस्तू एकत्र करायच्या. त्यामुळे काढून टाकलेली वस्तू कधीकधी पुन्हा टोपलीत दिसे, पण घातलेली वस्तू हरवत नसे. व्यापाऱ्याचा हिशेब त्यात होताच. तरीही, कोणती चूक सोसायची आणि कोणती नाही हे आधी ठरवून ठेवले होते. माझ्या वडिलांनीही तेच केले: दोन्ही नोंदी राहू द्या, एकही पुसू नका.

हा प्रश्न आता आमच्या शिवारापर्यंत पोचला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी कोणत्या गटात कोणते पीक उभे आहे हे तलाठी सात-बाऱ्यावर लिही. आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून स्वतःच्या फोनवर ते नोंदवायचे, पिकाचे छायाचित्र जोडायचे. रानात रेंज नसेल तर भरलेली माहिती फोनमध्ये राहू द्यायची आणि गावात येऊन पाठवायची. माझा पुतण्या तुरीच्या धांड्यांतून फोन उंच धरून फिरतो, तेव्हा मला माझी पिशवीतली वही आठवते. या व्यवस्थेत मला आवडलेल्या दोन गोष्टी २०२२ मध्ये आल्या. शेतकऱ्याने स्वतः केलेली नोंद प्रमाण मानायची आणि तलाठ्याने निदान दहा टक्के नोंदी प्रत्यक्ष तपासायच्या. आणि चूक झाली तर ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला ती एकदा दुरुस्त करता यावी. आधी विश्वास, मग तपासणी, आणि चुकणाऱ्याला थोडी सवड. घर चालवायलाही याहून वेगळे नियम लागत नाहीत.

याहून मोठी गोष्ट २०१७ ची. हाताने लिहिलेले सात-बारे संगणकात गेले, तेव्हा कुठे नाव गळले, कुठे क्षेत्र चुकले. एका जमिनीच्या दोन वह्या झाल्या. तेव्हा महसूल खात्याने गावोगाव चावडी वाचन घेतले. संगणकातला सात-बारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन आहे त्याने ऐकून हरकत घ्यायची. साऱ्या चुका त्याने निघाल्या असे कोणी म्हणणार नाही. दुरुस्त्या पुढेही चालू राहिल्या. पण रीत अचूक होती. कागद कागदाशी ताडून पाहणे पुरेसे नसते, तो ज्याच्याविषयी आहे त्याच्याशीही ताडावा लागतो. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकता येते.

मग एकमत झाल्यावर मागच्या वेगळ्या प्रतींचे काय करायचे? आपल्या परंपरेत याची दोन थोर उत्तरे आहेत. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात यापुढे कोणी स्वतःची भर घालू नये, असे बजावले. ठिकठिकाणच्या मठांतून, वारकऱ्यांच्या हातून हिंडत वेगळा होत गेलेला ग्रंथ त्यांनी पुन्हा एक केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताचे असेच काम सुरू झाले. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्याला शिस्त घालून दिली, ते हयात नसताना १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. काश्मीरपासून केरळपर्यंतची, नाना लिप्यांतली बाराशेहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहिली गेली. तिथे निवडलेला पाठ पानावर वर छापला आणि न निवडलेले पाठभेद त्याच पानाच्या तळाशी. आम्ही हे निवडले. चुकलो असू तर हे पाहा आणि आम्हाला दुरुस्त करा, असे प्रत्येक पान म्हणते.

भक्ताला एकनाथांचे उत्तर हवे. पठणाला पाठ एकच लागतो. पण जिथे कोणाच्या हक्काचा, कष्टाचा, अब्रूचा प्रश्न आहे, तिथे मला भांडारकरांचे पान अधिक न्यायाचे वाटते. निर्णय तर घ्यावाच लागतो. दोन बाक्यांवर जन्मभर संसार चालत नाही. मात्र निर्णय घेताना हरलेली नोंद अशी खोडावी की खालचे अक्षर वाचता यावे. वडिलांनी त्या पाडव्याला माझ्या ओळीवर एक बारीक आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिले, 'चुकीने वजा, परत दिले.' ती वही माझ्याकडे आहे. पुसून टाकली असती तर मला माझी चूक आज दाखवता आली नसती, आणि कदाचित ती मी विसरूनही गेलो असतो.

आपण माणसेसुद्धा एकमेकांच्या प्रती बाळगूनच हिंडत असतो. भाऊ नोकरीला दूर जातो, बहीण सासरी. प्रत्येकाजवळ घराची, आईची, झालेल्या भांडणाची एक वही असते. शेवटच्या भेटीत उतरवून घेतलेली. मग वर्षानुवर्षे आपण तीच उघडून दुसऱ्याला दाखवतो: हे पाहा, बाकी आहे. तिकडे ती बाकी कधीच फिटलेली असते. दिवाळीला माणसे घरी येतात ती फराळासाठी येतात हे खरे. पण ओसरीवर रात्री उशिरापर्यंत जी बोलणी चालतात, ती या वह्यांची मिळवणीच असते.

त्या वर्षापासून आमच्या घरी एक नवा नियम झाला. पाडव्याचे वाचन आतल्या खोलीत होत नाही, ओसरीवर होते, आणि ज्याचे नाव वहीत आहे त्याला आधी निरोप जातो. तो सालदार पुढे कित्येक वर्षे त्या बैठकीला येत असे. त्याला सगळे तोंडपाठ असे. वडील त्याला तिसरी वही म्हणत. आता ते दोघेही नाहीत. वह्याही नाहीत. पुतण्याच्या फोनवर आणि माझ्या फोनवर एकच हिशेबाची फाइल आहे. तो बांधावर लिहितो ते क्षणात माझ्याकडे दिसते, रेंज नसेल तर संध्याकाळी दिसते. सारे इतके निमूट जुळते की कुठे काय पुसले गेले हे कळतही नाही, आणि मला भीती वाटते ती या निमूटपणाची.

म्हणून गेल्या पाडव्यालाही आम्ही ओसरीवर बसलो. पुतण्याने फोनमधला हिशेब मोठ्याने वाचायला घेतला. शेतावर काम करणारा तरुण गडी पायरीवर नव्हे, आमच्याबरोबर सतरंजीवर बसला होता. त्याच्या हातातही फोन होता. पाच-सहा ओळी झाल्या असतील. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "थांबा जी. हे एकडाव पुन्हा वाचा."